तांब्यावरचे बुडबुडे

ॲसिडच्या तीन पेल्यांत तांब्या-जस्ताच्या पट्ट्या बुडवून त्यांच्या विजेवर लावलेला बल्ब तिसऱ्यांदा विझला तेव्हा नव्या सरांनी सगळ्या वर्गादेखत प्रयोगशाळेतल्या मावशींकडे मान वळवली. ॲसिडमध्ये पाणी जास्त झालंय म्हणाले. एवढं साधं कामही धड होत नाही म्हणाले.

मावशी मोरीपाशी नळ्या घासत होत्या. सर चालायला शिकत होते तेव्हापासून त्या या खोलीत ॲसिड पातळ करत होत्या. आजही मापाने मोजून केलं होतं. पण नाचता येईना त्याला अंगण वाकडं, आणि आजचं अंगण म्हणजे मावशी.

सोमवारीही असंच झालं होतं. शुक्रवारचा तास संपल्यावर पट्ट्या ॲसिडमध्येच राहू द्या, असं सरांनी बजावलं होतं. दोन दिवसांत निम्मं जस्त खाल्लं गेलं. वायर जोडलेली नसली तरी जस्त झिजतंच, कारण त्यातली दुसऱ्या धातूंची भेसळ त्याला आतून कुरतडत बसते, हे मावशींनी समजावून पाहिलं. ते थांबावं म्हणून आधीचे सर जस्ताला पारा चोळायचे. आता शाळेत पारा ठेवायला मनाई. मग निदान काम झालं की पट्ट्या काढून, धुऊन, पुसून तरी ठेवाव्यात. त्यावर नवे सर "बघू" एवढंच म्हणाले होते.

आज पट्ट्या कोऱ्या होत्या. तरी बल्ब दोन मिनिटांत मंद होऊन विझत होता. सरांनी तिथल्या तिथे मावशींच्या तक्रारीची चिठ्ठी लिहून मोठ्या बाईंकडे पाठवली.

पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ॲसिड बिघडलेलं असेल तर बल्ब आधी लागतो कसा? सरांनी तिला खाली बसवलं. तेव्हा मात्र मावशींना राहवलं नाही. हातातला ब्रश घेऊन त्या टेबलाशी आल्या.

"सर, ॲसिड सोडा. तांब्याकडे बघा."

तिन्ही पेल्यांतल्या तांब्याच्या पट्ट्या बारीक बुडबुड्यांनी पांढुरक्या झाल्या होत्या. मावशींनी एकेकीवरून ब्रश फिरवला. बल्ब लागला. मुलं बाक सोडून पुढे सरकली.

"हा हायड्रोजन. तांब्याला चिकटून बसतो नि विजेची वाट अडवतो. पुसत राहायचं, नाहीतर तो खाऊन टाकणारं काहीतरी आत घालायचं. टॉर्चच्या सेलमध्ये ती काळी पूड असते ना, ती त्याचसाठी."

सरांचे कान लाल झाले. हे मी सांगणारच होतो, असं ते फळ्याकडे तोंड करून म्हणाले.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी मावशींना बोलावलं. टेबलावर छापील कागद होता. वर 'कामात हलगर्जी', खाली खुलाशासाठी चार रिकाम्या ओळी. सर शेजारच्या खुर्चीत पेनाचं टोपण काढत-घालत होते. मोठ्या बाई दमल्या आवाजात म्हणाल्या, दोन शब्द माफीचे लिहा आणि विषय संपवा, मला अजून वेळापत्रक लावायचंय.

अठ्ठावीस वर्षांत मावशींनी असे तीन कागद निमूट सही करून दिले होते. एकदा फुटक्या खिडकीसाठीसुद्धा. त्यांनी पेन घेतलं. बराच वेळ लिहिलं.

मोठ्या बाईंनी वाचलं. 'ॲसिड बरोबर होते. तांब्यावर हायड्रोजन साचतो म्हणून वीज कमी होते. पट्टी पुसली की येते. जस्त ॲसिडमध्ये ठेवून जाऊ नये.'

"हे काय लिहिलंत, मावशी?"

"कारण विचारलंय ना, बाई. कारण लिहिलं."

मोठ्या बाईंनी सरांकडे पाहिलं. टोपणाचा आवाज थांबला.

"बरोबर आहे ते," सर हळूच म्हणाले.

मग चिठ्ठी मागे घ्या, असं मोठ्या बाई म्हणाल्या नाहीत. जावक क्रमांक पडला होता; कागद आता फायलीतच जाणार होता. त्यांनी तो परत मावशींपुढे सरकवला.

"सहीखाली हुद्दा राहिलाय."

मावशींनी 'शिपाई' लिहिलं, आणि शब्दावरची रेघ घाई न करता सरळ ओढली.