एकाच पाण्यात धुतलेले कपडे

मित्रांनो, कपडे वाळत घालायचा मी एक जुना बांबू. लांबी दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर, पेरं अकरा. सिंगापूरच्या बुकित पंजांग भागातल्या एका इमारतीत, दहाव्या मजल्यावर माझं आयुष्य गेलं. इथल्या जुन्या इमारतींत स्वयंपाकघराच्या खिडकीखाली भिंतीतच लोखंडी नळ्या बसवलेल्या असतात. कपडे अडकवून आमचं एक टोक त्या नळीत खोचलं, की आम्ही झेंड्याच्या काठीसारखे हवेत आडवे राहतो. खालून एलआरटी म्हणतात ती छोटी लोकल गाडी जाते. ती दिवसभरात किती वेळा जाते, हे मी पुष्कळदा मोजायला घेतलं, पण दुपारी ऊन चढलं की माझी मोजणी चुकायची.

मलेशियातल्या जोहोरच्या एका बांबूच्या बेटातून मला तोडलं, धुरी दिली, आणि घरमालकानं मला माझ्या एका भावाबरोबर विकत घेतलं. २०१३ च्या अखेरीस तिथं इरा आणि तन्मय राहायला आले. इरा नोव्हेनाला एका प्रयोगशाळेत काम करायची. तन्मय संगणकाच्या कंपनीत होता. दोघांकडे नोकरीचे आपापले पास, म्हणजे इथं राहायचे परवाने, होते. भाडेकरारावर मात्र त्यांनी लिहून घेतलं, की दोन खोल्या आणि दोन वेगवेगळे भाडेकरू. मला याचं नवल वाटलं, कारण त्यांचे कपडे एकाच बादलीतून यायचे आणि माझ्यावर शेजारी शेजारी वाळायचे. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं आणि पुण्याला इराच्या घरी ते कळू द्यायचं नव्हतं, हे मला हळूहळू उमगलं. मराठी मी असंच ऐकून ऐकून शिकलो.

जानेवारीत इराची आई, सुलभाताई, सत्तावीस दिवस राहायला आल्या. त्या दिवसांत माझ्यावर फक्त इराचे कुर्ते आणि आईंच्या साड्या होत्या. तन्मयचे शर्ट माझ्या भावाकडे गेले. तन्मयही दुसऱ्या खोलीत गेला आणि आईंना "काकू" म्हणू लागला. आई गेल्या आणि शर्ट परत आले. सगळे म्हणायचे, इराच्या घरचे कपडे किती लवकर वाळतात! मित्रांनो, ते माझे कौतुकाचे दिवस होते.

२०१५ च्या सप्टेंबरात समुद्रापलीकडे इंडोनेशियातल्या जंगलांना लागलेल्या आगींचा धूर शहरावर पसरला. समोरची इमारत दिसेना. सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि इरानं मला दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवं ठेवलं. घराच्या आत मी पहिल्यांदाच आलो होतो. त्यामुळे पुढचं सगळं मला अगदी जवळून ऐकायला मिळालं.

त्याच आठवड्यात तन्मयची कंपनी बंद पडली. नोकरी गेली तसा पासही गेला. तीस दिवसांत देश सोडा, असा शिक्का पासपोर्टवर बसला. इराच्या पासवर जोडीदार म्हणून त्याला राहता येईल का, असा अर्ज करायचं दोघांनी ठरवलं.

"मग लग्नच करून टाकू की," तन्मय म्हणाला. "सोपं आहे."

"फॉर्ममधला एक चौकोन भरायचा म्हणून मी लग्न करणार नाही," इरा म्हणाली. "करायचं तेव्हा करू. आणि तेव्हा तू जरा बरा शर्ट घाल."

लग्नाशिवाय एकत्र राहतो, असं शपथपत्र झालं. पण अर्ज पुढे पाठवणाऱ्या, इराच्या ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, दोघं एकत्र राहतात याचा काही पुरावा आहे का? तेव्हा दोघांनी टेबलावर कागद पसरले. करारात दोन भाडेकरू. विजेचं बिल तिच्या नावावर, इंटरनेटचं त्याच्या. फोटोंत दोघांच्या मध्ये कायम तिसरं कुणीतरी.

"आपण इतकं नीट लपवलंय," तन्मय म्हणाला, "की आता आपल्यालाच सापडत नाहीये."

मी समोरच होतो. पण बांबूची साक्ष कोण घेणार?

घरातल्या कुणी लिहून दिलं तर उपयोग होईल, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. इरानं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी टेबलावर लॅपटॉप ठेवून तिनं आईला फोन लावला.

"आई, तन्मय भाडेकरू नाहीये."

"माहीत आहे."

"काय?"

"अगं, भाडेकरूंचं दूध वेगळं असतं. तुमच्या फ्रीजमध्ये दुधाचा एकच डबा. आणि त्याच्या पांढऱ्या शर्टांना तुझ्या जांभळ्या कुर्त्याचा रंग लागलेला. वाळत घातलेत वेगवेगळ्या बांबूंवर, धुतलेत एकाच पाण्यात. मला काय खुळी समजलात?"

मित्रांनो, तो जांभळा डाग मीही पाहिला होता. पण त्यावरून काय सिद्ध होतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?" इरानं विचारलं.

"तू सांगशील म्हणून थांबले. पावणेदोन वर्षं. आणि आज सांगतेस ते कशासाठी? सरकारला कागद हवाय म्हणून."

फोन बंद झाला. शिक्क्याचे एकोणीस दिवस उरले होते. त्या संध्याकाळी धुतलेले कपडे बादलीतच राहिले.

दुसऱ्या दिवशी फोन आईंचाच आला. "मी खोटं लिहिणार नाही. नवरा-बायको आहेत असं लिहिणार नाही."

"नकोच लिहूस," इरा म्हणाली. "आम्ही प्रयोगाच्या वहीत लिहितो ना, तसं लिही. पाहिलंस तेवढंच. निष्कर्ष त्यांना काढू दे."

आठ दिवसांनी पत्र आलं. भाषांतराला देण्याआधी तन्मयनं ते मोठ्यानं वाचलं. "मी या घरात सत्तावीस दिवस होते. हा मुलगा रोज सकाळी माझ्या मुलीचा डबा भरत असे. तिला यायला उशीर झाला, की आपण जेवलो असं मला सांगत असे, आणि ती आली की तिच्याबरोबर जेवायला बसत असे. ती तापानं आजारी होती तेव्हा त्यानं तीन दिवस रजा घेतली. मला तो काकू म्हणत असे. तेव्हा त्याचा चेहरा पडत असे." इथं तन्मयनं कागद इराकडे सरकवला. उरलेलं इरानं वाचलं.

पत्र अर्जाबरोबर गेलं. पण अर्जाला दिवस लागतात आणि शिक्का तर थांबत नाही. तिसाव्या दिवशी तन्मयला निघावं लागलं. त्याचे आईवडील केव्हाच वारले होते. पुण्यात हॉटेल शोधतोय, असं तो म्हणाला तेव्हा सुलभाताईंनी त्याला झापलं. "हॉटेलात कशाला? इथं ये. मलाही जरा माणूस बघू दे."

धूर विरला. मी परत खिडकीबाहेर गेलो. एकटीचे कपडे ते किती? माझी चार पेरं रिकामीच राहायची. एका दुपारी उन्हानं मला टोकापासून चीर गेली. धागे अडकू लागले. इरानं स्टीलचा स्टँड आणला आणि मला स्वयंपाकघराच्या दाराआड उभं केलं. तेव्हापासून धूळ आणि मी.

डिसेंबरात उत्तर आलं. मंजूर, एका वर्षासाठी. पुढचं पुढच्या वर्षी. इरानं स्वयंपाकघरातूनच फोन लावला. आधी ती ओरडली, मग पलीकडे तन्मय ओरडला. मग सुलभाताईंचा आवाज आला.

"तिकीट रविवारनंतरचं काढ गं त्याचं. शनिवारी माझ्याकडे माणसं येताहेत. नीलिमामावशी, शेजारचे हेमचंद्रकाका, सगळी. त्याची ओळख करून द्यायची आहे."

इरानं विचारलं, "कोण म्हणून करून देणार आहेस?"

"ते माझं मी बघते. तुम्हाला कुठे ठरवता आलंय अजून?"

मित्रांनो, त्या शनिवारी सुलभाताई काय म्हणाल्या असतील, याचा विचार मी दाराआड उभा राहून अजून करतो. माझं एवढंच मागणं आहे. ज्याचं अजून काही ठरलेलं नाही असं माणूस तुमच्याही घरी येईल. त्याच्या कागदाचं उत्तर येईपर्यंत थांबू नका. त्याला पाहुण्यांच्या पंगतीत बसवा.