शेवटचा तुकडा

१८५८ साल. मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरावरच्या त्या मुलींच्या कॉलेजात जेवणाच्या टेबलावर सफरचंदाच्या पाईचा शेवटचा तुकडा कायम उरायचा. 'तू घे', 'नको, तू घे' असं करत तो गार व्हायचा आणि संध्याकाळी डुकरांना जायचा. लोईस प्रॅट म्हणायची, "या कॉलेजात खरी सुखी डुकरंच."

स्वतःसाठी काही मागणं हे तिथं खोटं बोलण्याइतकंच वाईट मानत. शनिवारी दुपारी सगळ्या मुली सभागृहात जमायच्या आणि एकेक जण उठून आठवड्यात काय सोडलं ते सांगायची. कुणी खिडकीजवळची जागा, कुणी घरून आलेला मध. यातली एक मेख सगळ्यांना ठाऊक होती, पण बोलायचं कुणी नाही. जी आधी दुसरीसाठी सोडायची, तिलाच ती दुसरी वस्तू परत करायची. मग मुख्याध्यापिका हॅथवेबाई पहिलीचं कौतुक करून ती वस्तू तिच्याच पदरात घालायच्या.

त्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या बाईंची नजर अधू झाली. मदतनीस शिक्षिका हवी होती. हॅथवेबाई म्हणाल्या, "लोईस आणि अक्सा, दोघीही लायक आहेत. त्यांचं त्यांनी ठरवावं."

लोईसचे डोळे लकाकले. नेचे, शेवाळं, दलदलीतली फुलं, हेच तिचं जग होतं. जागा मिळाली नाही तर व्हर्माँटला भावाकडे जायचं, त्याची आईवेगळी चार पोरं सांभाळायची. भाऊ वाटच बघत होता.

म्हणून शनिवारी सभागृहात ती सगळ्यांच्या आधी उठली. "ती जागा अक्साला द्यावी."

अक्सा ब्रूअर तिची खोलीतली सोबतीण. ती सावकाश उठली. चेहरा पांढराफटक. आता ही परत करणार, म्हणून लोईसनं नम्रपणे मान खालीसुद्धा घातली होती.

"मी घेते," अक्सा म्हणाली.

लोईसनं झटकन मान वर केली.

दुसऱ्या दिवशी दोघींची पावाची कणीक मळायची पाळी होती. लोईसनं कणकेवर असा बुक्का मारला की पीठ उडालं.

"एवढी हवी होती तर आधी बोलायचंस गं."

"मला कुठं हवी होती?" अक्सा म्हणाली. "मला फुलांचा वास आला की शिंका येतात. मला ओहायोला जायचं होतं. सॅम्युअलनं तिथं आम्हा दोघांसाठी घर बांधायला काढलंय."

"मग घेतलीस कशाला?"

"आठवडाभर प्रार्थना केली. परत करणं सोपं असतं, लोईस. परत केलं की वाहवा होते. तू खरोखर सोडत होतीस, ते पुण्य मी कसं हिरावून घेऊ? घेणंच मला जड होतं, म्हणून घेतली."

लोईसला हसावं की हिला पिठात बुडवावं कळेना. "खरोखर? अगं बाई, मी काही खरोखर सोडत नव्हते."

अक्साचे हात कणकेतच थांबले.

हात न धुताच दोघी हॅथवेबाईंच्या खोलीत गेल्या. लोईसनं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून मागितलं. "बाई, मला ती जागा हवी आहे. हिला नको आहे."

हॅथवेबाईंचे डोळे भरून आले. "मैत्रिणीची सुटका व्हावी म्हणून स्वतःवर हावरटपणाचा डाग घेतेस? किती निर्मळ मन आहे तुझं."

"तसं नाही हो, बाई. मला खरंच हवी आहे."

"पोरींनो, तुम्ही दोघींनी सगळ्यात प्रिय ते वाहून टाकलंत. ते मोडायला मी कोण?" असं म्हणून बाईंनी दोघींचे पिठाळ हात हातात घेतले. पुढं कितीही बोललं तरी त्यागातच जमा होणार, हे लोईसला उमगलं. तिनं हात सोडवून घेतला.

हॅथवेबाई मरेपर्यंत या दोघींची गोष्ट नव्या मुलींना सांगत राहिल्या. सॅम्युअलनं दोन वर्षं वाट पाहिली आणि शेजारणीशी लग्न केलं. अक्सानं नाकाला रुमाल लावून म्हातारपणापर्यंत वनस्पतिशास्त्र शिकवलं. लोईसनं भावाची पोरं वाढवली. गोठ्याकडे जाताना ती नेच्यांकडे बघायची, पण खुडायची नाही.

केस पांढरे झाल्यावर एकदा अक्सा व्हर्माँटला आली. जेवणं झाली. ताटात पाईचा एक तुकडा उरला. लोईसनं तो सरळ आपल्या बशीत ओढला.

अक्सा म्हणाली, "मलाही हवा होता."

"मग मागायचास," लोईस म्हणाली, आणि खाऊ लागली.