रिकाम्या घड्याची फिर्याद

मित्रांनो, काचेच्या कपाटात, पिवळ्या दिव्याखाली बसवलेला हा जुना तांबूस घडा म्हणजे मी. या दुकानात येणारे लोक माझे वय विचारतात, किंमत विचारतात आणि 'वा!' म्हणून पुढे जातात. माझ्या पोटात काय होते, हे अजून कोणी विचारलेले नाही. म्हणून तुम्हालाच सांगतो.

मला एका आईने धान्य साठवायला घडवले होते. पण मी भट्टीतून निघालो त्याच दिवशी तिचे तान्हे बाळ तापाने गेले. तिने त्याला कापडात गुंडाळून माझ्या पोटात निजवले, त्याच्या गळ्यात शिंपल्यांची माळ घातली, माझ्या तोंडावर थाळी झाकली आणि राहत्या घराच्या जमिनीखाली मला पुरले. बाळ घराबाहेर जाऊ नये, एवढेच तिला हवे होते. पुढे ते घर पडले, वस्ती उठली, वर शेते आली. मी जागचा हललो नाही. बाळ सांभाळणे हे एकच काम मला मिळाले होते आणि ते मी चोख केले.

मग एका दुपारी माझ्या खांद्यावर कुंचला फिरला. सरकारी परवान्याने उत्खनन करणारी एक बाई होती. सगळे तिला ताई म्हणत. माझा खांदा दिसताच तिने सगळ्यांना थांबवले.

"सावकाश! आत कोणीतरी आहे," ती म्हणाली.

पण परवान्याची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. शेताचे मालक वाकून मला बघत म्हणाले, "ताई, एवढं दिसतंय तर काढून टाका की. इथं कोण बघतंय?"

"कायदा मलाही आहे, काका. शिवाय घाईनं काढलं तर आतलं सगळं विस्कटेल. नवा परवाना आला की पहिलं यालाच काढू."

तिने माझा फोटो घेतला, मला पुन्हा मातीने झाकले, भोवती कुंपण घातले, पाटी लावली, पहारेकरी नेमला. जाताना माझ्यावरची माती तिने हाताने थोपटली. खरे सांगतो, त्या आईनंतर तसा हात मला लागला नव्हता.

परवाना येईना. ताई अधूनमधून येऊन कुंपणापाशी उभी राहायची आणि फोनवर कोणाच्या तरी विनवण्या करायची. "साहेब, फक्त तुमच्या सहीसाठी अडलंय हो." साहेब बदलले, नवे साहेब आले, त्यांनी फाइल नव्याने मागवली. तेवढ्यात पहारेकऱ्याला काढून टाकले, कारण त्याच्या पगाराची तरतूद नव्हती. पाटी मात्र राहिली. पाटीला पगार लागत नाही ना!

एक दिवस भर उन्हात शेतमालकांचा जावई माती उपसायचे यंत्र घेऊन आला. त्याला परवाना लागला नाही. आजूबाजूला पुरलेले सगळे घडे फुटले, मी तेवढा वाचलो. त्याने मला पालथे केले.

"अरे, हाडं आहेत! शी! टाक तिकडं."

पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने त्याने मला आतून धुतले. मी लख्ख झालो आणि या दुकानात विकला गेलो.

ताईच्या तक्रारीवरून पोलिसांनी मला याच दुकानातून उचलले आणि खटला उभा राहिला. दुकानदाराने शपथेवर सांगितले, "आजोबांपासून घरात आहे." त्याच्या वकिलाने ताईला विचारले, "हा घडा तिथलाच कशावरून?"

"मी याचा खांदा पाहिलाय. फोटो आहे."

"नुसत्या खांद्याचा! अशा खांद्याचे घडे ढीगभर असतील. सापडला होता, तर काढला का नाहीत?"

"परवाना नव्हता," ताई म्हणाली.

कोर्टात खसखस पिकली. तिचे कान लाल झाले. मी समोरच्या टेबलावर होतो, पण मला कोण विचारणार? पुराव्याअभावी सगळे सुटले आणि मला इज्जतीने दुकानदाराच्या हवाली केले.

व्हरांड्यात ताईने जावयाला गाठले. "आता खटला संपला. एवढंच सांगा, हाडं कुठं टाकलीत?"

तो क्षणभर ओशाळला. "नाही आठवत हो ताई. ती माती नव्या रस्त्याच्या भरावाला गेली. त्यातच गेली असतील."

ताई भिंतीला हात टेकून उभी राहिली.

मित्रांनो, मी फुटलो असतो तर बरे झाले असते. जमिनीत कधी कुदळीला काही वेगळे लागले, तर हात आवरा आणि जाणत्या माणसाला बोलवा. आणि मोठे होऊन तुम्ही सहीच्या खुर्चीत बसलात, तर कायदा पाळून थांबलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नका. तो थांबतो, यंत्र थांबत नाही.

परवा दुकानदार एका गिऱ्हाईकाला हसत हसत सांगत होता, "ती बाई अजून वेडीच आहे. नव्या रस्त्यावर गाडीतून उतरते आणि तेवढा तुकडा कडेच्या गवतातून चालत जाते. डांबरावर पाय म्हणून ठेवत नाही."

गिऱ्हाईकही हसले. मग त्याने माझी किंमत विचारली.