आऊट मारणारा पंखा

ढोकीतल्या घरी बसून सिमरन विमानं बनवायची. खरी नव्हेत, संगणकावर विमान उडवण्याचा सराव करतात, त्या सिम्युलेटरमधली. पुण्यातली एक कंपनी फोटो आणि नकाशे पाठवायची आणि ती चाकापासून शेपटीपर्यंत सगळं पडद्यावर उभं करायची. फेब्रुवारीत एका जुन्या, एकाच इंजिनाच्या विमानाचं काम आलं आणि नाकावरच्या पंख्यापाशी अडलं. फिरायला लागला की पंखा हेलकावे खायचा. चार दिवस तिनं पाती मोजली, पुसली, पुन्हा काढली. कंपनीनं दोनदा काम परत पाठवलं.

तिचे वडील सादिक मागं पलंगावर बसलेले असायचे. साखर कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. आता मात्र दोन वर्षांपासून त्यांची आठवण झिजत चालली होती. जेवण झालं की नाही हे सांगता यायचं नाही. सिमरनला कधी कधी ते आपली बहीण समजत. पाचव्या दिवशी ते आपण होऊन उठले आणि तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"आऊट मारतंय," ते पंख्याच्या हेलकाव्यांकडं बघत म्हणाले. "पात्याला कशाला छळतीस? पातं बरं हाय. सेंटर सरकलंय."

"कुठं, अब्बा?"

त्यांनी पडद्यावरच्या फिरत्या पंख्यावर बोट टेकवलं. "हितं फिरायला पायजे. त्यो हितं फिरतोय." बोट गव्हाच्या दाण्याएवढं सरकलं.

खरंच होतं. पंखा कोणत्या बिंदूभोवती फिरणार हे तिनं सॉफ्टवेअरवर सोडलं होतं, आणि तो बिंदू दांड्याच्या मध्यावरून ढळला होता. तिनं तो जागेवर आणला. हेलकावे कमी झाले, पण थांबले नाहीत.

"आता शाफ्ट बघ. शाफ्ट खाली झुकलाय, आन् पंखा सरळ उभा फिरतोय. दोघांचं जमंना."

इंजिन पुढच्या बाजूला तीनेक अंश खाली झुकवलेलं होतं. पंख्याचा आस तिनं आडवा सरळ ठेवला होता. तिनं तोही तेवढाच झुकवला. पंखा थाळीसारखा स्थिर फिरू लागला. अब्बा बघत राहिले. त्यांचा चेहरा किती दिवसांनी असा जागा दिसला होता.

"कुणाचं काम हाय हे?" त्यांनी विचारलं.

"कारखान्याचं," सिमरन म्हणाली. "तुमच्याकडं पाठवलंय."

तेव्हापासून रोज सकाळी ते तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसू लागले. चाकं, पंखे, झडपांच्या बिजागऱ्या. जे जे फिरतं त्याच्या मधोमध ते बोट ठेवत आणि चूक सांगत. ते जेवू लागले, स्वतः दाढी करू लागले. अम्मीला, फरिदाबीला, कारखान्याचं हे खोटं माहीत होतं. "खुश हायत तर असू दे," ती म्हणाली. पण एप्रिलमध्ये त्यांनी कपाटातून कारखान्याचे खाकी कपडे काढून घातले, तेव्हा तिनं बाहेरच्या दाराला कडी लावून घेतली.

त्या दिवशी दुपारी दोघींचा डोळा लागला असताना अब्बा कडी काढून बाहेर पडले. स्टँडजवळ हणमंतप्पांची रसवंती होती. उसाचा चरक चालू होता आणि त्याचा एक दांडा खडखडत होता. अब्बा थांबले. हणमंतप्पा गिऱ्हाइकाला ग्लास देत होते, त्यांना फक्त एवढंच ऐकू आलं, "सेंटर सरकलंय." मग अब्बांनी फिरत्या दांड्याच्या मधोमध बोट ठेवलं आणि शेजारच्या दातेरी चाकांनी हात आत ओढला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. धाराशिवच्या दवाखान्यात हणमंतप्पा भिंतीला टेकून सारखं एकच सांगत होते, "फिटर माणूस. चालत्या मशिनीला हात लावंल असं कुणाला वाटंल?"

सिमरनला मात्र कारण कळत होतं. एकतीस वर्षांत अब्बांच्या हाताला साधा ओरखडा आला नव्हता, कारण मशीन बंद केल्याशिवाय त्यांनी कधी हात घातला नाही. दोन महिने तिनं त्यांना फिरत्या पंख्यावर बोट ठेवायला दिलं होतं, आणि बोटाला काहीच होत नव्हतं. हे तिनं अम्मीला सांगितलं. अम्मीनं ऐकून घेतलं आणि आठ दिवस ती तिच्याशी कामापुरतंच बोलली.

जखम भरली. आठवण मात्र आणखी झिजली. सिमरननं कंपनीकडून फिरत्या भागांचं काम घेणं बंद केलं. आता ती खुर्च्या, दारं, काचा करते.

अब्बा दिवसातून कितीतरी वेळा उजवा हात वर धरून बघतात. "हे कशानं झालं?" असं विचारतात. अम्मी म्हणते, पडलात. एकदा अम्मी घरात नव्हती. सिमरन त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "चालत्या मशिनीत गेली बोटं, अब्बा. माझ्यामुळं."

अब्बांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "कारखान्यात कोणत्या पाळीला होतीस तू?"

तिनं चहा त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी डाव्या हातानं कप उचलला, दोन घोट घेतले, मग उजवा हात वर धरला आणि पुन्हा तेच विचारलं.