ऑम्लेटातलं गाजर

मित्रांनो, मी किसणी. जुनी आहे, एका कोपऱ्यात जराशी वाकलेही आहे. पण माझ्या धारेला नावं ठेवायची अजून कोणाची छाती झालेली नाही. कारखान्यात पत्र्यातून माझे दात काढले, तेव्हा खूप दुखलं. पण दुखल्याशिवाय दात येत नाहीत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मी आले ती एका बसड्रायव्हरच्या घरी. या घरातल्या बाबांचं आणि भाजीचं विळ्याभोपळ्याचं सख्य! "पाला खायला मी काय शेळी आहे?" असं म्हणून ते ताट सरकवायचे. पुढे वजन वाढलं, रक्तदाब चढला आणि डॉक्टरांनी बजावलं, "पुढच्या तपासणीतही असंच निघालं, तर बस चालवता येणार नाही." बाबांचा चेहरा उतरला. भाजीवरचा राग मात्र उतरला नाही.

मग आईने मला हाताशी धरलं. बाबा अंघोळीला गेले की आमची कामगिरी सुरू व्हायची. ऑम्लेटात गाजर, सूपमध्ये दुधी, भातात कोबी आणि कटलेटात बटाटा नावापुरता, बाकी सगळा भोपळा. मी इतकं बारीक किसायचे की काही ओळखूच यायचं नाही. बाबा बोटं चाटत खायचे. संध्याकाळी चालायलाही जाऊ लागले. ते तपासणीत पास झाले, तेव्हा खुंटीवर माझा ऊर भरून आला.

आणि घरी येऊन बाबा काय म्हणाले? "बघ! भाजीला हात न लावता पास झालो. आता रोज मस्त तळलेलं कर."

माझे दात शिवशिवले. मेहनत आमची आणि पाठ थोपटून घेणार हे! पण भाजी लपवता लपवता आईने भाजीचा गुणही लपवला होता. ही आपलीच चूक, हे तिला कळलं.

ती मला घेऊन थेट त्यांच्यासमोर बसली. गाजर किसलं, अंडी फोडली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ऑम्लेट केलं.

बाबांनी घास घेतला. चव रोजचीच होती.

"म्हणजे इतके दिवस...?"

"अहो, इतके दिवस हेच खाताय तुम्ही."

"मला फसवलंस?"

"फसवलं. तुमची बस जाऊ नये म्हणून."

आता मी खिडकीबाहेर जाते, असं मला वाटलं. पण बाबांनी मला उचललं आणि दुसरं गाजर हातात घेतलं. "बोटं कुठे ठेवायची ते दाखव," ते म्हणाले.

मित्रांनो, भाजी आवडत नसेल तर आवडत्या पदार्थात मूठभर किसून घाला. आज मूठभर, उद्या थोडी जास्त. पण लपवू नका. जी भाजी आपल्याला सांभाळते, तिचं नाव खाणाऱ्याला कळू द्या. आणि काम झालं की मला लगेच धुऊन, पुसून टांगा. कीस वाळला की माझे दात बुजतात.

हल्ली डब्यातला कोबीभात बाबा इतर ड्रायव्हरांनाही वाढतात आणि घरी येऊन ऐटीत सांगतात, "सगळ्यांना म्हटलं, कोबी मी किसलाय!"

मी किसलाय म्हणे! म्हणू द्या. माझी काही हरकत नाही.