ताइताने जागा झालेला संगणक

वाचनालयात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी पेपर चाळणारे चार म्हातारे आणि पंख्याची कुरकुर, एवढीच काय ती तिथली जाग! पण आज माणसं खुर्च्यांवर चढून माना उंचावत होती, कारण कोपऱ्यातल्या जुन्या संगणकासमोर साक्षात फुंकरबाबा बसले होते.

"याचा प्राण गेलेला नाही," बाबा डोळे मिटून म्हणाले. "प्राण रुसलाय! यंत्र झालं म्हणून काय झालं, त्यालाही मानपान लागतो."

प्राण बहुधा ड्रॉवरमध्ये रुसून बसला असावा, कारण बाबांनी आधी तोच उचकला. आतून बोटभर काहीतरी काढून, टोक तेवढं उघडं ठेवून लाल कापडात गुंडाळलं, दोऱ्याने करकचून बांधलं, तीनदा फुंकर मारली आणि तो ताईत संगणकाच्या खोक्याच्या मागच्या फटीत खुपसला. मग बटण दाबलं. दोन दिवस अंधारात बसलेला पडदा लख्ख उजळला!

एकच गलका झाला. सगळ्या पुस्तकांची यादी त्या संगणकात होती, त्यामुळे ग्रंथपाल ताईंच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

"मास्तर, आता बोला!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्या माना दाराकडे वळल्या.

दारात विज्ञानाचे निवृत्त मास्तर उभे होते, ग्रंथपाल ताईंचे थोरले भाऊ. भोंदू लोक त्यांना टरकून असत. हवेतून राख काढणाऱ्या एकाला त्यांनी भर सभेत बाह्या वर करायला लावल्या होत्या. रविवारी या म्हाताऱ्या संगणकावर लिनक्स नावाचं, संगणक चालवणारं नवं सॉफ्टवेअर चढवलं होतं तेही त्यांनीच, मोठ्या तोऱ्यात.

मास्तरांनी खोक्याच्या मागे वाकून पाहिलं. लाल कापडातून निळ्या प्लास्टिकची कड डोकावत होती. तो त्यांचाच पेनड्राइव्ह होता, ज्यावरून त्यांनी लिनक्स चढवलं होतं. क्षणात सगळा उलगडा झाला. संगणकाला जागं करणारा छोटा प्रोग्रॅम, बूटलोडर, कुठे ठेवायचा असं रविवारी पडद्यावर विचारलं होतं. पर्याय दोन होते. बहिणीशी गप्पा मारता मारता मास्तरांनी न वाचताच होकार ठोकला, आणि तो प्रोग्रॅम संगणकाच्या डिस्कऐवजी पेनड्राइव्हवर जाऊन बसला. पेनड्राइव्ह काढून ड्रॉवरमध्ये टाकला, की संगणक ठप्प!

म्हणजे चमत्कार बाबांचा नव्हता. घोडचूक मास्तरांची होती. हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

"असतो एखादा योगायोग," मास्तर पुटपुटले आणि तिथून सटकले.

त्यानंतर दर गुरुवारी बाबांचा दरबार वाचनालयातच भरू लागला. कुणाची कंबर, कुणाची नोकरी, सगळ्यांवर एकच फुंकर. मास्तर रोज ठरवायचे, उद्या सांगू. पण उद्या उजाडला की पुन्हा उद्यावर ढकलायचे. सगळं गाव हसेल, म्हणेल, मास्तरांना साधा प्रश्न वाचता येत नाही. चाळीस वर्षं वर्गात 'चूक झाली की हात वर करा' म्हणणारा माणूस आता हात खिशात घालून फिरत होता. स्वतःची अगदी शिसारी येत होती, तरी तोंड उघडत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. ताई शिडीवरून पडल्या होत्या.

ताईंना लहानपणापासून फिट्स यायच्या. गोळ्यांमुळे गेली नऊ वर्षं एकही आली नव्हती. मास्तर धापा टाकत दवाखान्यात पोचले तेव्हा बहिणीच्या कपाळाला सात टाके पडले होते आणि डॉक्टरीणबाई संतापून विचारत होत्या, "गोळ्या बंद करायला सांगितलं कुणी?"

"बाबा म्हणाले," ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "बंद पडलेलं यंत्र जागं केलं, तुझं डोकं काय अवघड आहे?"

"अगं, आणि तू ऐकलंस? माझी बहीण असून?"

"तू होतास ना रे तिथे, दादा! तू सगळ्यांची लबाडी पकडतोस. मागे वाकून बघितलंस, आणि काही बोलला नाहीस. मला वाटलं, दादाच गप्प बसला, म्हणजे खरंच असणार."

मास्तर स्टूल ओढून बहिणीच्या उशाशी बसले.

गुरुवारी दरबार भरला. मास्तर उभे राहिले आणि त्यांनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. आणि त्यांनी सगळं सांगितलं, रविवारपासून त्या योगायोगापर्यंत. मग कात्री घेऊन ते संगणकाकडे निघाले.

"ताइताला हात लावू नका! प्राण कोपेल!" बाबा किंचाळले.

"प्राण नाही हो, पेनड्राइव्ह आहे. आणि ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."

"ठाऊक असणारच!" मागून गावातला इलेक्ट्रिशियन ओरडला. "बाबा व्हायच्या आधी हे महाशय संगणकाच्या दुकानात कामाला होते की!"

मास्तरांनी लाल कापड कापलं आणि उघडा पेनड्राइव्ह परत लावला. ना दोरा, ना फुंकर. संगणक मुकाट सुरू झाला. मग त्यांनी एक ओळ टाइप केली, बूटलोडर जिथे असायला हवा होता तिथे, संगणकाच्या डिस्कवर बसवला, संगणक बंद केला, पेनड्राइव्ह काढून सगळ्यांना दाखवला आणि खिशात टाकला.

"आता दाबा बटण."

इलेक्ट्रिशियनने पुढे होऊन बटण दाबलं. पडदा उजळला. टाळ्या सुरू होईपर्यंत बाबांनी चपला हातात घेऊन दार गाठलं होतं.

"टाळ्या नकोत," मास्तर म्हणाले. "कोडं सुटलं नाही की त्याला चमत्कार म्हणू नका. विचारा, पडताळा, काढून बघा, परत लावून बघा. दुखण्यासाठी डॉक्टरकडे जा, आणि त्यांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आणि ज्याला उत्तर माहीत आहे त्याने माझ्यासारखं लाजेपोटी मूग गिळून बसू नये. बाबाने एक ताईत बांधला. त्यावर लोकांचा विश्वास बसवला तो मी."

कपाळाला पट्टी बांधलेल्या ताई टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली.

"दादा, पहिल्याच दिवशी कळलं होतं तुला?"

"हो."

ताईंनी एका वाचकाने मागितलेल्या पुस्तकाची चिठ्ठी मास्तरांपुढे सरकवली. पुस्तक सर्वांत वरच्या फळीवर होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी ताईंना शिडी बंद केली होती. मास्तरांनी चिठ्ठी उचलली, या वेळी नीट दोनदा वाचली आणि शिडी चढू लागले.