पाहुण्यांचा गॅस

पुण्याच्या एका संस्थेने जळगाव जिल्ह्यासाठी स्वच्छ ऊर्जेचं मॉडेल बनवलं. कारखान्यांच्या बॉयलरमधला कोळसा कमी करायचा आणि त्याऐवजी कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचल्यावर उरणारी वाळकी झाडं, जाळायच्या, असं त्यात होतं. पऱ्हाट्या कुठून आणणार? उत्तर तयार होतं. गावोगावी आता गॅसवर स्वयंपाक होतो, म्हणजे पऱ्हाट्या शिल्लकच असणार. मुंबईच्या बैठकीत या उत्तराला टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी चूल पेटवली असेल असं वाटत नाही.

त्याच जिल्ह्यातल्या असोदा गावात बेबाबाईची चूल वर्षभर पऱ्हाट्यांवर चालते. कापूस निघाला की ती आणि तिची सून ज्योत्स्ना रुपचंद आबांचं शेत उपटून साफ करून देतात आणि त्या बदल्यात पऱ्हाट्या घरी आणतात. यंदा आबांनी बजावलं, "बेबा, सरकारची मान्यता झाली का कारखान्याचं मशीन येनार आहे. बठ्ठ्या पऱ्हाट्या तेच नेतीन."

मान्यतेआधी घरोघरी पडताळणी व्हायची होती. चूल वाचवायला बेबाबाईला तेवढीच संधी होती.

पडताळणीला भूपेंद्र आला. मॉडेल त्याचंच होतं. आपलं गणित आपणच तपासायचं आणि त्याला काटेकोरपणा म्हणायचं, अशी त्या संस्थेची रीत. तो ओट्यावर टेकला तेव्हा सासू-सुना आत कुजबुजत होत्या.

"आत्याबाई, त्याले चुलीवरचाच चहा द्या. धूर डोयात गेला म्हंजे समजीन."

"पाहुन्याले धुरकट चहा? लोकं काय म्हनतीन व?"

"लोकं येतीन का आपल्या भाकरी भाजाले?"

बेबाबाईने ऐकलं नाही. तिचं सिलिंडर केव्हाच संपलं होतं. शेजारच्या मयुरीकडून तिने भरलेलं आणवलं, शेगडीवर झाकलेलं फडकं काढलं आणि गॅस पेटवला. असोद्यात गॅस पाहुण्यांसाठी असतो. मागच्या पाहणीतही संस्थेच्या माणसांनी घरोघरी असाच चहा प्यायला होता आणि त्यावरच मॉडेल उभं केलं होतं.

भूपेंद्र मूळचा सोनगीर गावचा. त्याच्या आईकडेही हीच तऱ्हा होती. पण तो साहेब झाल्यापासून आई त्यालाही गॅसवरचाच चहा देते, आणि आपण घरात पाहुणे झालोत हे अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही.

"काकू, रोज गॅसच वापरता ना?"

"हा काय, पेटेल आहे ना समोर."

"साहेब, चूल मांगे आहे," ज्योत्स्ना म्हणाली. "पाहून घ्या एकदा."

तो जेमतेम उठला.

"तिकडं पसारा आहे, नका जाऊ," बेबाबाई म्हणाली.

तो लगेच बसला. एवढ्या चटकन माणूस फक्त जायचं नसतं तेव्हा बसतो. चहा छान झाल्याचं सांगून त्याने टॅबवर खूण केली आणि गेला. त्याच्यामागे सिलिंडरही मयुरीकडे परत गेलं. अहवालात असोदा पूर्णपणे धूरमुक्त ठरलं. मान्यता आली.

मशीनने आबांचं शेत एका सकाळीच मोकळं केलं. भर उन्हात मशीनवाले बेबाबाईच्या दारात पाणी प्यायला थांबले. तिने त्यांना ओट्यावर बसवलं आणि सवयीने आत हाक मारली, "ज्योत्स्ना, चहा ठेव व."

"कशावर, आत्याबाई?" ज्योत्स्ना आतून म्हणाली. चांगली मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल अशी.